ताटाच्या पलीकडची नासाडी

‘पानात टाकू नकोस’ हे ऐकतच आपण मोठे झालो. त्यामुळे अन्नाची नासाडी म्हटलं की लग्नातल्या बुफेची उष्टी ताटं आठवतात. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अहवाल मात्र बोट घराकडे दाखवतो. २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न टाकलं गेलं, त्यातलं ६० टक्के घरांतून. आणि हा फक्त श्रीमंतांचा आजार नाही बरं का! श्रीमंत आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत घरगुती नासाडीचा फरक माणशी वर्षाला जेमतेम ७ किलो. फ्रिज आला की आठवड्याची भाजी एकदम येते, आणि कोथिंबीर मागच्या कोपऱ्यात काळी पडते.

काढणीनंतर दुकानात पोचण्याआधीच सुमारे १३ टक्के अन्न जातं, ते वेगळंच. ऊन, खराब रस्ते, शीतगृह नाही, अशी त्याची कारणं. भाव तोडणीच्या मजुरीखाली गेला म्हणून बेळगावच्या शेतकऱ्याने शेतातच सोडलेला टोमॅटो तर या हिशोबात धरतही नाहीत. त्याला आपण कसला उपदेश करणार? मला वाटतं, आधी आपल्या कॅन्टीनशी भांडावं. भिंतीवर ‘अन्न वाया घालवू नका’ची पाटी आहे, पण हाफ प्लेट मागितली तर पैसे पूर्ण प्लेटचेच घेतात.