तबेल्यातून : पापणीवरचा चोर

गेल्या महिन्यात वरातीच्या एका घोड्याच्या पापणीवर सुपारीएवढी गाठ पाहिली. मालकानं मोत्यांची झालर जरा खाली ओढून ती झाकली होती. लग्नसराईत घोडा घरी कोण बसवणार? "आधी हरभऱ्याएवढी होती, डॉक्टर. चामखीळ म्हणून एकानं ब्लेडनं उडवली. दीड महिन्यात ही अशी उगवली."

ती चामखीळ नव्हती, सारकॉइड होतं. घोड्याच्या कातडीवर सर्वांत जास्त आढळणारा हा ट्यूमर. आतल्या अवयवांत तो पसरत नाही, पण अर्धवट कापला की चवताळतो.

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष थोडं थोडं टोचत गेलं, की याच जनावराच्या रक्तात अशी प्रतिपिंडं तयार होतात की त्यांच्या जिवावर आपल्याकडे सर्पदंशाचे रोगी वाचतात. पुण्यात १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट निघाली, त्यामागेही पूनावालांच्या स्टड फार्मवरचे घोडेच होते. परक्या विषाला पुरून उरणाऱ्या या गड्याला स्वतःच्या पापणीवरचा चोर दिसू नये?

चोर आहेच तसा बिलंदर. सारकॉइडच्या मुळाशी गाईगुरांना चामखिळी आणणारा पॅपिलोमा विषाणू असतो. सापाचं विष रक्तात फिरतं, सगळ्या शरीराला खबर लागते. हा मात्र कातडीच्या आतल्या थरातल्या पेशींत दडून बसतो. घोड्याच्या अंगात त्याचे पूर्ण वाढलेले कण सहसा तयारच होत नाहीत, त्यामुळे प्रतिपिंडांच्या हाती फारसं काही लागत नाही. राहिल्या मारेकरी टी-पेशी. निरोगी असो वा बिघडलेली, प्रत्येक पेशी आत काय शिजतंय त्याचा नमुना दारावर टांगते आणि टी-पेशी तो पाहून निवाडा करतात. या विषाणूचं ई-५ नावाचं प्रथिन नमुना टांगायची खुंटीच आत अडकवून ठेवतं. दारावर काहीच नाही, मग पहारेकरी पुढे निघून जातो.

शिंगरांच्या नाकपुड्यांवर येणाऱ्या साध्या चामखिळी घोड्यांच्याच विषाणूमुळे होतात. त्या शरीर ओळखतं, तीन-चार महिन्यांत त्या आपोआप झडतात. तिथे औषध देणारा फुकटचं श्रेय खातो.

मालकाला मी शर्टाची बाही वर करायला सांगितली. डाव्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा, व्रण होता. म्हटलं, हेच तुमच्या घोड्याला टोचायचंय, थेट गाठीत. फ्रान्समधल्या लील शहरात काल्मेत आणि गेरँ यांनी गाईच्या क्षयाचा जिवाणू १३ वर्षं पुन्हा पुन्हा वाढवून निवळवला. १९२१ साली तो पहिल्यांदा माणसाच्या बाळाला दिला गेला. गाठीत तो शिरला की एवढा दंगा होतो की झोपलेल्या पेशी धावून येतात आणि त्या गर्दीत चोरही सापडतो. गाईनं दिलेल्या दुखण्यावर गाईकडूनच आलेला उतारा! डोळ्याभोवती हा उपाय चांगला लागू पडतो, पायावरच्या गाठी मात्र उलट चिघळू शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या डोसला जीवघेणी ॲलर्जी उठू शकते, म्हणून आधी ॲलर्जीविरोधी औषध द्यावंच लागतं. हे काम ब्लेडवाल्याचं नाही.

पांढऱ्या घोड्यांच्या शौकिनांना जाता जाता एक सांगतो. जन्मतः गडद असून वयाबरोबर पांढरा होत गेलेला घोडा घेताना शेपटी उचलून पाहा. तिथल्या काळ्या गाठी बहुधा मेलॅनोमाच्या. रंग पांढरा करणारा जनुकातला बदल २००८ मध्ये सापडला, आणि तोच या गाठींचाही धोका वाढवतो. इथे परका विषाणू नाही, पेशी घरच्याच. त्यामुळे शरीराचा हात आणखी आखडतो. वर्षानुवर्षं त्या हळूहळू वाढतात, काही पुढे आत पसरतात. व्यापारी त्यांना 'जन्मखूण' म्हणतो.

परवा मालकाचा फोन आला. दुसऱ्या डोसनंतर पापणी सुजलीय, गाठीतून पाणी गळतंय, बायको म्हणते डॉक्टरनं घोडा बिघडवला. ताप आहे का, चारा खातो का, विचारलं. खातो म्हणाला. मग गळू द्या म्हटलं, फक्त माश्या बसू देऊ नका, आणि पंधरा दिवस वरात नको.

"पंधरा?" तो म्हणाला. "डॉक्टर, तीन मुहूर्त आहेत."