गुडघ्याखालची उशी

गुडघ्याच्या सांधेबदलाची शस्त्रक्रिया होऊन आजी घरी येतात, तेव्हा घरातील प्रत्येकाला त्यांच्यासाठी काहीतरी करावेसे वाटते. कुणी पाण्याचा तांब्या हाताशी ठेवतो, कुणी पंख्याचा वेग कमी करतो, आणि कुणीतरी एक मऊ उशी आणून दुखऱ्या गुडघ्याखाली सरकवतो. पाय किंचित दुमडला की वेदना उतरते. आजींना बरे वाटते आणि उशी ठेवणाऱ्यालाही समाधान लाभते. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट येतात आणि सर्वप्रथम तीच उशी काढून बाजूला ठेवतात. घरच्यांना हा निष्ठुरपणा वाटतो. त्यामागचे कारण मात्र एका मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढ्या रचनेत दडलेले आहे. तिचे नाव सार्कोमिअर.

आपल्या हातापायांचे स्नायू असंख्य लांबट तंतूंचे बनलेले असतात. प्रत्येक तंतूत त्याहून बारीक तंतुकांच्या जुड्या असतात, आणि प्रत्येक तंतुक म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या सार्कोमिअरची माळ. एका सार्कोमिअरची लांबी साधारणतः २ ते २.५ मायक्रोमीटर, म्हणजे १० सेंटिमीटर लांबीच्या तंतुकात ते ४० हजारांहून अधिक असतात. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना ‘झेड-रेषा’ नावाच्या भिंती असतात. या भिंतींपासून ॲक्टिन या प्रथिनाचे पातळ धागे आत येतात. मध्यभागी मायोसिनचे जाड धागे असतात आणि टायटिन हे लवचीक प्रथिन त्यांना जागेवर धरून ठेवते.

स्नायू आखडतो तेव्हा हे धागेच आक्रसत असावेत, असा समज पूर्वी प्रचलित होता. १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध प्रसिद्ध झाले. एक अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ निडरगर्क यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचे परस्परांशी नाते नव्हते, परंतु निष्कर्ष एकच होता. धाग्यांची लांबी बदलत नाही. ते एकमेकांवरून सरकतात. मायोसिनच्या धाग्यावरील टोके वल्ह्यांप्रमाणे ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात. त्यामुळे दोन्ही भिंती जवळ येतात. एक सार्कोमिअर अर्धा मायक्रोमीटर आखडला तर त्याचे काही मोल नाही. मात्र ४० हजार एकदम आखडले की २ सेंटिमीटरचे आकुंचन घडते आणि पाय उचलला जातो.

चेतातंतूचा संदेश पोहोचताच तंतूत कॅल्शियम मुक्त होते आणि ही वल्ही चालू लागतात. त्यासाठी लागणारी ऊर्जा एटीपी या रेणूतून मिळते. विशेष म्हणजे धरलेली पकड सोडण्यासाठीही एटीपी आवश्यक असतो. मृत्यूनंतर त्याचा पुरवठा थांबतो, पकड सुटत नाही, आणि देह काही तासांत ताठ होतो.

आता आपल्या उशीकडे वळू. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून पाहा. केवळ टोकेच अडकली असतील तर पकड दुबळी राहते. बोटे तळापर्यंत शिरली असतील तर पुढे सरकायला जागाच उरत नाही. सार्कोमिअरचेही तसेच आहे. पातळ आणि जाड धागे योग्य प्रमाणात एकमेकांवर आलेले असतात, तेव्हाच त्याचे बळ सर्वाधिक असते. म्हणून स्नायू ज्या लांबीत दीर्घकाळ ठेवला जातो, त्या लांबीला साजेशी आपल्या सार्कोमिअरची संख्या तो बदलून घेतो.

हे प्रयोगातून दिसून आले आहे. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांजराच्या पोटरीतील स्नायू आखूड स्थितीत प्लॅस्टरमध्ये जखडून ठेवण्यात आला. काही आठवड्यांत त्याच्या एका रांगेतील सार्कोमिअर सुमारे ४० टक्क्यांनी घटले. स्नायू ताणलेल्या स्थितीत ठेवला असता मात्र त्यांची संख्या वाढली. प्लॅस्टर काढल्यावर ती पूर्ववत झाली, ही त्यातील आशेची बाजू.

गुडघ्याखाली सतत उशी असते तेव्हा मांडीच्या मागील बाजूचे स्नायू आखूड स्थितीत राहतात. शरीर आपल्या परीने समजूतदारपणेच वागते: एवढीच लांबी हवी असेल, तर जास्तीचे सार्कोमिअर कशाला बाळगायचे? त्यातच सांध्याभोवतीचे आवरणही आखडते. मग गुडघा पूर्ण सरळ होत नाही, चालताना पाय वाकलेला राहतो, मांडीचे पुढचे स्नायू लवकर थकतात आणि शस्त्रक्रियेचे अर्धे फळ हातचे जाते.

अंथरुणाला खिळून राहण्याची किंमतही मोठी आहे. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ निरोगी वृद्धांनी १० दिवस अंथरुणातच काढले. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायुभार घटला. ‘तुम्ही उठू नका, आम्ही आहोत ना’ हे वाक्य प्रेमाचेच असते, पण स्नायूंना ते प्रेम पोसत नाही.

मग घरच्यांनी काय करावे? शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या व फिजिओथेरपिस्टच्या संमतीने उशीऐवजी टॉवेलची गुंडाळी घोट्यामागे ठेवावी. टाच अधांतरी राहते आणि गुडघा आपल्या भाराने सरळ होतो. आरंभी काही मिनिटेच पुरेत. जोर लावून पाय दाबू नये. सांगितलेले व्यायाम थोडे थोडे, पण दिवसातून अनेकदा करवून घ्यावेत. परवानगी मिळताच आधार देऊन उभे करावे. पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा ताप आला, तर मात्र विलंब न करता डॉक्टरांना कळवावे.

‘आता या वयात काय होणार?’ असे आजी म्हणतील. त्यांना १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगावा. त्यात नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांनी आठ आठवडे वजन उचलण्याचा व्यायाम केला. त्यांच्या पायांचे बळ सरासरी अडीचपटीहून अधिक झाले आणि दोघांनी तर हातातली काठी सोडली.

उशी ठेवणाऱ्या हाताला दोष नाही. तोच हात उद्या आजींना उठून उभे राहण्यासाठी पुढे करावा, एवढेच.