आणि आजी?

विलायतेत आम्ही घर घेतलं तेव्हासुद्धा आमच्यात झाली नव्हती एवढी वादावादी या मोटारीवरून झाली. मोटारही साधी नकोच होती. पाच दिवस मुलांना शाळेत पोचवायचं, बाजार आणायचा आणि शनिवार-रविवारी तिच्यातच मुक्काम ठोकायचा!

शोधता शोधता गाडी माझदाच्या ‘बोंगो फ्रेंडी’वर येऊन थांबली. जपानात ती १९९५ ते २००५ या काळात निघत असे. इथे येते ती तिकडे वापरलेली, बोटीनं. जपानी माणूसही आपल्यासारखाच रस्त्याच्या डाव्या बाजूनं जातो, तेव्हा चक्र उजवीकडेच असतं. वेग मात्र किलोमीटरांत दाखवते. तो मैलांत करून घ्यायचा. हिची खरी गंमत छपरात आहे. काही गाड्यांत कळ दाबली की छप्पर वर उचललं जातं आणि वर दोघांना निजायला चक्क माडी तयार!

विक्रेत्याकडे अशा दोन होत्या. पहिलीत ओटा, गॅसची शेगडी, इवलासा फ्रीज. सौभाग्यवती त्या ओट्यावरून हात फिरवू लागली तेव्हाच मी काय ते समजलो.

“अहो, इथे पोहे काय झकास होतील!”

ओट्यासाठी बाकं काढली होती. पट्टा लावून बसायच्या जागा चारच. आम्ही चौघं. हिशेब चोख.

“आणि आजी?” धाकटीनं विचारलं.

आई उन्हाळ्यात पुण्याहून यायची होती. रात्री फोनवर तिला सगळं सांगितलं. “मी राहीन की घरी,” ती म्हणाली, “कुणीतरी घर राखायला हवंच.” माझ्या लहानपणी सहलीच्या दिवशी ती नेमकं हेच म्हणायची. आणि आम्ही खरोखरच तिला ठेवून जात असू. डबा मात्र तिनंच भरून दिलेला असे.

दुसऱ्या दिवशी बिनओट्याची घेतली. आठ जागा, मागची बाकं आडवी केली की बिछाना. शेगडी काय, वेगळी नेता येते. अडीच लिटरचं डिझेल एंजिन पुढच्या बैठकीखाली दडलेलं असतं आणि त्यातलं पाणी गळालं तर तापून कामातून जातं. म्हणून पाणी कमी होताच वाजणारी घंटा बसवली. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यानं पत्रा गंजतो. तेव्हा गाडीच्या पोटाला लेपही दिला. विक्रेत्यानं या दोन्ही गोष्टींचा चकार शब्द काढला नव्हता!

मुलं माडीवर, सासू-सून खाली. पाचवा मी, माझ्यासाठी शेजारी तंबू. रात्री पाऊस आला तर काय, हा प्रश्न घरात कुणालाच पडला नाही.

पहिल्या सहलीला मी किल्ली फिरवली आणि आतून एक बाई अदबीनं जपानीत बोलली. आई पुढे माझ्या शेजारी बसली होती.

“काय म्हणते रे ती?”

“टोलनाक्याचं कार्ड घातलेलं नाही म्हणते, आजी,” मागून चिरंजीव म्हणाले. “गाडी सुरू केली की दर वेळी म्हणते.”

“मग घाला की मेल्यांनो! बिचारी जपानहून सांगत आलीय.”