दुसऱ्यासाठी मागताना

गेले तीन वीकेंड इथे काही लिहिणं झालं नाही. रिलीज होता, आणि रिलीज म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आज मात्र बरेच दिवस डोक्यात घोळणारा एक विषय लिहून टाकतो. विषय चर्चमधला आहे, पण जे चर्चला जात नाहीत त्यांनी लगेच खिडकी बंद करू नये. घरातल्या कुणाला तरी सुधारायचा चंग तुम्हीही कधीतरी बांधला असेलच :-)

आमच्याकडे दर बुधवारी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थना असते. आधी गाणी, मग वचन, मग पाळकसाहेब विचारतात, "प्रार्थनेचे विषय?" आजारपण, परीक्षा, नोकरी, व्हिसा, लग्न, सगळं येतं. आणि मग एक खास प्रकार येतो. "अमक्यांच्या मुलासाठी प्रार्थना करा, हल्ली देवापासून जरा दूर गेलाय." क्षणभर शांतता. मग हळू आवाजात, "का हो, काय झालं?" पुढची दहा मिनिटं प्रार्थना सोडून बाकी सगळं होतं, आणि उरलेलं चहाच्या वेळी. गावगप्पांना इतकं पवित्र कव्हर दुसरीकडे कुठे मिळत असेल असं मला वाटत नाही.

हे मी बाहेर उभा राहून बोलत नाहीये. गेली तीन वर्षं तो 'विषय' आमच्याच घरातला होता आणि सांगणारा मी होतो. माझ्या धाकट्या भावाने उपासनेला यायचं बंद केलं. माझी प्रार्थना ठरलेली: प्रभू, याला चर्चला आण, याची संगत सुटू दे, पूर्वीसारखा गिटार घेऊन पुढे बसू दे. थोडक्यात काय, तर बग रिपोर्ट. अपेक्षित वर्तन: माझ्यासारखं. प्रत्यक्ष वर्तन: तो.

लूकच्या शुभवर्तमानात १८ व्या अध्यायात येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे. एक परूशी मंदिरात उभा राहतो आणि आपण शेजारच्या जकातदारासारखे नाही म्हणून देवाचे आभार मानतो. शब्बाथ शाळेपासून मी त्या परूश्याला हसत आलोय. माझी प्रार्थना त्याच्याच प्रार्थनेची पुढची आवृत्ती होती हे कळायला तिशी जवळ यावी लागली.

मग दुसऱ्याच्या आध्यात्मिक वाढीसाठी मागायचं तरी काय? मला यात पौलाचा आधार वाटतो. इफिस, फिलिप्पै आणि कलस्सै इथल्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत त्याच्या प्रार्थना जशाच्या तशा सापडतात. एकदा सलग वाचून बघा. या तिन्ही पत्रांत त्याच्या बंदिवासाचा उल्लेख आहे, पण या प्रार्थनांत सुटकेचं मागणं नाही. वाचणाऱ्यांची संकटं टळावीत असंही नाही. तो मागतो काय, तर त्यांची प्रीती वाढावी आणि ती आंधळी नसावी, समज घेऊन वाढावी. अंतःकरणाला दिसू लागावं. सहन करायला बळ मिळावं. हजेरीपटाचा विषयच नाही!

आणि सुरुवात जवळजवळ नेहमी आभाराने. करिंथच्या मंडळीत भांडणं, कोर्टकचेऱ्या, नको ते सगळं चालू होतं; तरी पहिल्या पत्रात आधी त्यांच्याबद्दल देवाचे आभार, मग झापणं. (गलतीकरांना मात्र आभारही नाहीत, थेट झापलंय. पौलही माणूसच.) मी भावासाठी तीन वर्षं प्रार्थना केली, त्यात त्याच्याबद्दल एकदाही आभार मानले नव्हते.

दुसरी गोष्ट ऑगस्टीनच्या आईची, मोनिकाची. पोरगा ख्रिस्ती व्हावा म्हणून ती वर्षानुवर्षं रडली. ३८३ साली तो आफ्रिका सोडून रोमला निघाला, तेव्हा त्याने जाऊ नये म्हणून ती कार्थेजच्या किनाऱ्यापर्यंत मागे आली. त्याने तिला थाप मारली आणि ती जवळच्या प्रार्थनामंदिरात रात्रभर प्रार्थना करत असताना जहाजात बसून गेला. म्हणजे तिचं त्या रात्रीचं मागणं सरळ फेटाळलं गेलं. पण त्याच प्रवासात पुढे मिलानला त्याला बिशप अँब्रोज भेटला, आणि ३८७ च्या ईस्टरला त्याच्याच हातून बाप्तिस्मा झाला. पोरगा डोळ्यांसमोर राहिला तरच सुधारेल हा तिचा हिशोब होता. तो चुकला, प्रार्थना चुकली नाही. आपण गंतव्य सांगतो ते ठीक, पण रूटसुद्धा आपणच टाकून देतो.

आपल्याकडचंच बघायचं तर ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई मात्र त्यानंतर चार-पाच वर्षं नाहीत. 'स्मृतिचित्रे' वाचलंत तर दिसेल, त्या आल्या त्या स्वतःच्या वाटेने आणि स्वतःच्या गतीने.

असो. मुद्द्यावर येतो. गेल्या मे महिन्यात एका रात्री गच्चीवर मी भावाला पहिल्यांदाच विचारलं, "तुझ्यासाठी प्रार्थनेत काय मागू?"

"चर्चला यावं म्हणून मागतोस ना? आईने सांगितलंय."

"ते सोड. तुला काय हवंय?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "झोप लागत नाही रे दादा. बाबा गेल्यापासून. तेव्हा जो तो येऊन म्हणत होता, देवाची इच्छा. तू पण म्हणालास."

म्हणालो होतो खरा. लोकांना चहा देता देता, अगदी सहज. त्याच्या न येण्याची कारणं मी बुधवारच्या बैठकीत दहा जणांना सांगितली होती, खरं कारण मला माहीतच नव्हतं. म्हणूनच माझं म्हणणं आहे की ज्याच्यासाठी मागायचं त्याला आधी विचारावं, आणि त्याने सांगितलेलं बुधवारी उघड करू नये.

हल्ली ऑफिसच्या बसमध्ये मी फिलिप्पैकरांसाठीची ती प्रार्थना काढतो आणि त्यात त्याचं नाव घालतो. पण प्रीती समज घेऊन वाढू दे, इथवर आलं की दर वेळी अडखळतो. ते मागणं त्याच्यापेक्षा मला जास्त लागू पडतं. मग दोन्ही नावं घालतो. झोपेचंही मागतो. डॉक्टरकडेही घेऊन गेलो, हे सांगितलेलं बरं, नाहीतर कॉमेंटमध्ये कुणीतरी विचारेलच.

तो अजून चर्चला येत नाही. गेल्या रविवारी आईला बाईकवरून सोडायला आला आणि समोरच्या टपरीवर थांबला. आईने नेहमीसारखं माझ्याकडे बघितलं, जा, बोलाव त्याला. मी गेलो नाही. उपासना संपल्यावर मात्र गेलो आणि दोन कटिंग सांगितले. म्हणाला, काल चार तास सलग झोपलो.