गाव ओस पडले, मग स्मारक झाले



गाव ओस का पडते, याचे उत्तर शहरातल्या विद्वानांकडे तयार असते. शेतकरी आळशी, पाऊस लहरी, पोरांना शहराची चटक. वर पुन्हा ऐकवतात, "अमेरिकेत बघा, मूठभर माणसे शेती करतात. हीच प्रगती!" ठीक आहे. अमेरिकेतच जाऊ. तिथल्या एका कोरडवाहू गावाचा जमाखर्च मांडू.

गावाचे नाव निकोडेमस. राज्य कॅन्सस, परगणा ग्रॅहम. पाऊस वर्षाला वीस-बावीस इंच. पिके गहू आणि ज्वारी. होय, आपलीच ज्वारी. अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी याच राज्यात पिकते. फक्त तिथे तिची भाकरी होत नाही, ती जनावरांच्या दावणीत जाते.

गाव वसले १८७७ साली. वसवणारे काळे लोक, कालपरवापर्यंतचे गुलाम. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस मँचेस्टरला जायचा थांबला, तेव्हा वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि युद्ध संपताच तो कोसळला. त्याच युद्धाने ही माणसे सुटली. सुटली म्हणजे काय? जमीन नाही, जनावर नाही, अवजार नाही. १८६२ च्या कायद्याने सरकार पश्चिमेकडे पाच वर्षे जमीन कसणाऱ्याला १६० एकर देत होते. जाहिराती वाचून केंटकीतून तीनशेच्या आसपास माणसे एकदम आली. बघतात तो गाव कुठेच नाही! जमिनीतून धूर तेवढा निघतो आहे. घराला लाकूड नव्हते, म्हणून आधी आलेले लोक जमिनीत बिळे खणून राहत होते. काही कुटुंबे आल्या पावली परत फिरली. राहिली त्यांनी कुदळी-फावड्यांनी माळ फोडला. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी आपल्यातले अन्न दिले, असे हे गाव सांगत आले आहे.

दहा वर्षांत तिथे दुकाने, खाणावळी, बँक, शाळा, चर्च आणि दोन वृत्तपत्रे उभी राहिली. याच गावचा एडवर्ड मॅकेब १८८२ साली राज्याचा हिशेब तपासनीस म्हणून निवडून आला. आळशी माणसांची ही कामे?

मग गाव मोडले कशाने? रेल्वेने. १८८७ साली रेल्वे यावी म्हणून गावाने मतदान करून सोळा हजार डॉलरचे रोखे द्यायची तयारी केली. आठवण ठेवा, दहा वर्षांपूर्वी ही माणसे बिळात राहत होती! तरी त्या कंपनीशी सौदा जमला नाही. १८८८ साली दुसऱ्या कंपनीने रूळ टाकले ते काही मैलांवर, सॉलोमन नदीच्या पलीकडे. व्यापारी दुकाने उचलून नदीपार बोग गावी गेले. दोन्ही वृत्तपत्रे बंद पडली. नकाशावर रेघ ओढणाऱ्याने निकोडेमसचे शेत कधी पाहिलेही नसेल.

पुढे मंदी आली, १९३० नंतरची धुळीची वादळे आली. १९३५ साली गावात माणसे उरली ७६. १९५० साली १६. १९५३ साली टपाल कचेरी बंद. २०२० च्या शिरगणतीत १४.

विद्वान म्हणतील, दुष्काळ सगळ्यांनाच होता. होता ना! पण दुष्काळातून उठायला कर्ज लागते. ते कोणाला मिळाले? १९२० साली अमेरिकेत काळे शेतकरी सव्वानऊ लाख होते. १९९७ साली वीस हजारांच्या आत. त्याच १९९७ साली काळ्या शेतकऱ्यांनी शेतकी खात्यावर दावा लावला, की कर्ज देताना आमच्याशी दुजाभाव झाला. १९९९ साली सरकारने तडजोड केली. पुढे भरपाई गेली शंभर कोटी डॉलरच्या आसपास. पण दावा १९८१ ते १९९६ पुरता. निकोडेमस तर त्याच्या कितीतरी आधी रिकामे झाले होते.

आणि ज्या बोगला रेल्वे मिळाली, त्याचे काय झाले? तिथेही आज माणसे दीडशेच्या घरात. २०२० साली अख्ख्या ग्रॅहम परगण्यात अडीच हजारसुद्धा भरली नाहीत. काळ्याच्या पाठीवर दोन चाबूक होते, गोऱ्याच्या पाठीवर एक, एवढाच फरक. धान्याचा भाव गावाबाहेर ठरतो. मिळकत पुरत नाही, तेव्हा एक शेजारी दुसऱ्याची जमीन घेतो आणि विकणारा गाव सोडतो. जमीन पडीक राहत नाही, चुली विझतात. आकडेवारीत याचेच नाव प्रगती.

१९९६ साली सरकारने निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवले. दरवर्षी जुलैअखेर गावची लेकरे-नातवंडे देशभरातून येतात, जत्रेसारखी भेटतात, जेवतात आणि परत जातात. माती सुटली, पण माया सुटली नाही. शहराच्या चटकेने गेलेली माणसे अशी सव्वाशे वर्षे परत येत नसतात.

भावांनो, आपल्या गावाचे स्मारक होण्याआधी एक काम करा. सभेहून परत गेल्यावर गावातल्या चुली मोजा. आजोबांच्या वेळी किती होत्या, आज किती. प्रत्येक विझलेल्या चुलीपुढे कारण लिहा: कर्ज, भाव, रस्ता, पाणी, जे खरे असेल ते. आणि मग बघा, 'आळस' हा शब्द किती चुलींपुढे लिहावा लागतो.