नव्याने बांधलेले इंजिन कोरडे सुरू करू नका

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांमधील पट्ट्यात यंत्र ही नवलाईची वस्तू राहिलेली नाही. कृष्णेपलीकडे १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला, आणि पुढे लोखंडी नांगर, उसाचे चरक व पंप ही या भागातील घरोघरची नावे झाली. विजेची मोटार येण्यापूर्वी नदीकाठच्या अनेक मळ्यांना ऑइल इंजिनांनीच पाणी पाजले. आता डिझेल इंजिन मुख्यत्वे ट्रॅक्टरच्या रूपाने दारात उभे असते. ते झिजले की लायनर, पिस्टन व बेअरिंगे बदलून पुन्हा बांधून घ्यावे लागते, आणि हे काम करणारे हुशार मिस्त्री आष्टा व आसपासच्या गावांत आहेत. त्यांच्या कसबाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या कामातील अखेरच्या तासाविषयी. आणि तिचा दोष एकट्या मिस्त्रीवर टाकणे न्यायाचे होणार नाही.

इंजिन बांधून होते, चेंबरात नवे ऑइल ओतले जाते, बॅटरी जोडली जाते आणि लागलीच चावी फिरविली जाते. इंजिन धडधडू लागले की मालक नारळ फोडतो. परंतु ऑइल चेंबरात पडले म्हणजे ते बेअरिंगांना पोहोचले असे नव्हे. खोललेल्या इंजिनाचे सर्व भाग डिझेलने धुऊन पुसलेले असतात. ऑइल जाण्याच्या बारीक वाटा, फिल्टर आणि स्वतः ऑइल पंप, हे सारे रिकामे व कोरडे असते. पंपाने प्रथम आपली कोरड भागवावयाची, नंतर जाळीपासूनची नळी भरावयाची, मग फिल्टर भरावयाचा, आणि त्यानंतर कोठे क्रँकच्या बेअरिंगांची पाळी येते. रॉकरपर्यंत ऑइल चढण्यास आणखी वेळ लागतो.

हा वेळ थोडका वाटतो. तरी हिशेब करून पाहावा. मिनिटाला ७५० फेऱ्यांनी मंद चालणाऱ्या इंजिनाचा क्रँक १० सेकंदांत १२५ वेळा फिरतो. डिझेल इंजिनात इंधन पेटते तेव्हा पिस्टनवर दर चौरस सेंटिमीटरला ६० किलोहून अधिक दाब पडतो. १० सेंटिमीटर व्यासाच्या पिस्टनवर तो एकूण साडेचार टनांच्या वर जातो. उसाने भरलेल्या दोन बैलगाड्यांच्या वजनाची कल्पना करावी. एवढा भार क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधील ऑइलचा केसाहूनही पातळ थर तोलून धरतो. तो थर असला तर दोन धातू एकमेकांस स्पर्शही करीत नाहीत. तो नसला तर बेअरिंगचा मऊ धातू क्रँकवर घासला जातो, त्यावर ओरखडे उठतात, आणि निघालेला चुरा पुढे ऑइलबरोबर सर्वत्र फिरतो.

ऑइल पंप बहुधा दोन दातेरी चक्रांचा असतो. दात्यांच्या मधील खाचांत ऑइल धरून तो पुढे ढकलतो. दात्यांची टोके आणि पंपाचे घर यांत अगदी थोडी फट असते. ती ओली असली म्हणजे ऑइलच तिला बुजविते व पंप जोराने ओढतो. ती कोरडी असली तर हवा त्याच फटीतून मागे निसटते आणि ओढ कमी पडते. पंप जुनाच बसविला असेल, चक्रे झिजलेली असतील, तर ही अडचण अधिक. काही इंजिनांत पंप चेंबरातील ऑइलमध्ये बुडालेला असतो; तेथे धोका कमी. काहींत तो ऑइलच्या पातळीच्या वर बसविलेला असतो. तेथे फार जपावे लागते.

आपल्या शेतकऱ्यास ही गोष्ट खरे म्हणजे शिकविण्याचे कारण नाही. नदीवरचा पंप सुरू करण्यापूर्वी त्यात पाणी भरून घ्यावे लागते, फूट व्हॉल्व्ह गळत असेल तर पंप हवा धरतो, हे पोराबाळांनाही ठाऊक आहे. पाण्याचा पंप बटण दाबण्यापूर्वी भरणारा हाच मनुष्य ऑइलचा पंप मात्र भरल्याविना चालू देतो, याचे कारण माझ्या मते एवढेच की पाण्याचा पंप प्रामाणिक आहे. तो रिकामा असेल तर पाणी देतच नाही, आणि चूक जागच्या जागी कळते. ऑइलचा पंप बहुतेक वेळा थोड्या उशिराने का होईना ऑइल चढवितो. इंजिन चालते, काम होते, आणि पहिल्या क्षणांत झालेली इजा पुढे केव्हातरी ऑइलचा दाब उतरल्यावर किंवा क्रँकचा आवाज येऊ लागल्यावर उघडकीस येते. तोपर्यंत तिचा संबंध पहिल्या सुरुवातीशी कोणी जोडीत नाही. "माल हलका निघाला" असे म्हणून विषय मिटतो.

उपाय खर्चाचा नाही. पंप बसवितानाच त्यात स्वच्छ इंजिन ऑइल ओतून चक्रे हाताने फिरवावीत, म्हणजे सर्व खाचा भरतात. पंप उंचावर असून ऑइल गळून जाण्याची भीती असेल तर चक्रांच्या फटीत साधे व्हॅसलीन भरतात. ते गरम ऑइलमध्ये विरघळून जाते. ग्रीस मात्र भरू नये. ते सहजी विरघळत नाही व फिल्टर आणि बारीक वाटा तुंबवू शकते. बेअरिंगे जोडताना त्यांना ऑइल लावावे. फिल्टर उभा बसत असेल तर भरूनच बसवावा.

यानंतरचे काम महत्त्वाचे, आणि तेच टाळले जाते. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून इंधन बंद करण्याचा दांडा ओढून धरावा, म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि स्टार्टरने ते नुसते फिरवावे. एका वेळी १० ते १५ सेकंदच फिरवावे व मध्ये मिनिटभर विसावा द्यावा. नाहीतर स्टार्टर जळेल. या फिरण्यात ज्वलनाचा भार नसल्याने बेअरिंगांना इजा होत नाही. टॅपेटवरील झाकण उघडे ठेवावे व रॉकरवर ऑइल दिसेपर्यंत थांबावे. हँडल मारून सुरू होणाऱ्या एका सिलिंडरच्या इंजिनात डीकॉम्प्रेशनची कळ उचलून हातानेच भरपूर फेरे द्यावेत. दाब दाखविणारे घड्याळ नसेल व केवळ लाल दिवा असेल, तर त्या दिवसापुरते तरी घड्याळ जोडावे. दिवा थोड्या दाबावरही विझतो, त्यामुळे त्याची साक्ष अपुरी आहे.

याहून खात्रीची रीत म्हणजे ऑइलच्या दाबाचा स्विच काढून त्या छिद्रातून बाहेरून दाबाने ऑइल भरणे. काही कारागीर त्यासाठी फवारणीच्या पंपाचा उपयोग करतात. युक्ती चांगली आहे, परंतु पंप कोरा हवा. ज्यातून एकदा औषध फवारले आहे तो कितीही धुतला तरी या कामी आणू नये. औषधाचा व पाण्याचा अंश बेअरिंगांना घातक ठरू शकतो. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात टर्बोची ऑइल नळी जोडण्यापूर्वी तेथेही हाताने ऑइल सोडावे. टर्बोचा दांडा इंजिनाहून कितीतरी वेगाने फिरतो आणि कोरडेपणा त्यास मुळीच सोसत नाही.

इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत दाब चढला पाहिजे. न चढल्यास तत्काळ बंद करावे. "जरा रेस द्या, चढेल," हा सल्ला मी अनेक ठिकाणी ऐकला आहे आणि तो सर्वांत अनर्थकारक आहे. दाब न चढण्यास कारण असते: जाळीच्या नळीचा सांधा हवा ओढत असतो, पॅकिंग उलटे बसलेले असते, किंवा ऑइलच्या वाटेचा एखादा बूच लावावयाचा राहिलेला असतो. रेस दिल्याने यातील काहीही दुरुस्त होत नाही.

"आम्ही इतकी वर्षे असेच करतो, काही झाले नाही," असे मिस्त्री म्हणतात. हे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. बेअरिंगे जोडताना सढळ हाताने ऑइल लावले असेल तर इंजिन पहिला झटका सोसतेही. तथापि सोसणे वेगळे व निभावणे वेगळे. शिवाय मिस्त्रीस काम ठोक पद्धतीने दिलेले असते. तास-दीड तास अधिक घालविल्याबद्दल त्यास एक पैसा अधिक मिळत नाही, आणि पेरणी किंवा ऊसवाहतूक तोंडावर आल्याने मालक दारात उभा राहून घाई करीत असतो. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की या कामाची मजुरी वेगळी ठरवावी, ती बिलात वेगळी लिहावी, आणि मालकाने त्या वेळी स्वतः हजर राहून रॉकरवरील ऑइल डोळ्यांनी पाहावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनाही येथे काम आहे. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांतून ट्रॅक्टर व अवजारे घेण्यास अनुदान मिळते, त्याचे अर्ज भरून देण्यात आपला पुष्कळ वेळ जातो. घेतलेले यंत्र दुसऱ्यांदा बांधण्याची वेळ आली म्हणजे मात्र शेतकरी एकटा पडतो. शेतीशाळेत बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक आपण दरवर्षी दाखवितो. तसेच एखाद्या गॅरेजात, मिस्त्रीच्याच हातून, याचे प्रात्यक्षिक दाखविण्यास काय हरकत आहे? सांगली जिल्ह्यात २००५, २०१९ व २०२१ साली महापूर आले. पुरात बुडालेले इंजिन न खोलता सुरू करणे म्हणजे ते मोडीत काढणे होय. आणि खोलून धुतले की ते पूर्णपणे कोरडे होते. पूर ओसरल्यावर गावातील अनेक यंत्रे एकदम खोलली जातात, मिस्त्रीला उसंत नसते, आणि अशाच वेळी हा तास हमखास गाळला जातो. त्या दिवसांत कार्यकर्त्याने गॅरेजांतून एक फेरी मारावी, असे मी सुचवितो.

पहिल्यांदा चालवून बंद केल्यावर कांडीने ऑइलची पातळी पुन्हा तपासावी. वाटा व फिल्टर भरल्याने ती उतरलेली असते. बांधलेल्या इंजिनाचे पहिले ऑइल व फिल्टर सामान्यतः ५० तासांनी बदलतात; निर्मात्याच्या पुस्तिकेत निराळा आकडा असल्यास तो मानावा. काढलेला फिल्टर फेकून न देता कापून पाहावा. त्याच्या घड्यांत धातूचा चुरा चमकताना दिसला, तर पुढच्या हंगामाची वाट न पाहता इंजिन मिस्त्रीला दाखवावे.