ओझे उतरवायचे कुठे?

मंगल कार्यालयात खोल्या किती असतात, हे कधी कोणी मोजले आहे काय? वधूपक्षाची खोली असते, वरपक्षाची असते. आचाऱ्याला स्वयंपाकघराला लागून कोठी मिळते आणि तिला कुलूपही असते, कारण आत तुपाचे डबे आणि काजू असतात. भटजींची पिशवी चौरंगापाशी पडलेली असते. तिच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही. बँडवाले ढोल भिंतीला टेकवून निर्धास्त जेवायला बसतात, कारण ढोल बगलेत मारून कोणी पळणार नाही. एवढ्या गोतावळ्यात ज्याच्याजवळ फार महाग आणि सहज उचलून नेण्याजोगे सामान असते, त्या फोटोवाल्याला मात्र हातभर जागा नसते. त्याने सामान ठेवायचे कुठे? अंगावर.

वार्षिक अंकात मैत्रीवर, पावसावर किंवा हुंड्यावर लिहिण्याची रीत आहे. ‘कॅमेऱ्याच्या पिशवीवर काय लिहिणार?’ असे मैत्रिणींनी विचारलेच. पण हुंड्याविषयी मी पुस्तकात वाचले आहे आणि ही पिशवी दोन मोसम माझ्या खांद्यावर आहे. तेव्हा जे ठाऊक आहे त्यावर लिहिलेले बरे.

स्वारगेटपासून मुकुंदनगर, बिबवेवाडी, सातारा रस्ता असे कुठेही निघा, कार्यालये आणि लॉन भेटतच राहतात. तुळशीचे लग्न लागले की मोसम सुरू होतो, तो पार पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. मी एका स्टुडिओकडे रोजावर जाते. नवरी सजत असते त्या खोलीत फोटो काढायला मुलगी हवी, म्हणून मला बोलावतात. तेवढे काम झाले की उरलेला दिवस मी ‘हेल्पर’. या इंग्रजी शब्दाचे मराठी भाषांतर आमच्या धंद्यात ‘पिशवीवाली’ असे होते.

पिशवीत असते काय? कॅनन फाइव्ह-डी मार्क फोर ही बॉडी बॅटरीसह 890 ग्रॅम भरते. लग्नात अशा दोन लागतात, कारण एक ऐनवेळी बंद पडली तर मंगळसूत्र पुन्हा बांधा असे नवऱ्या मुलाला सांगता येत नाही. 24-70 ची लेन्स 805 ग्रॅम, 70-200 ची 1490 ग्रॅम. फ्लॅश सेलांशिवाय 425 ग्रॅम, तेही दोन. एवढा ऐवज धरूनच पाच किलो होतात. त्यावर खुद्द पिशवीचे वजन, चार्जर, लाइटचा स्टँड, छत्री, पाण्याची बाटली. आमच्या वाण्याच्या काट्यावर ठेवली तेव्हा ती नऊ किलो भरली. माझे स्वतःचे वजन 46 किलो. केंद्र सरकारच्या 2020 सालच्या दप्तर धोरणानुसार शाळेचे दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड असू नये. मी शाळेत नसल्यामुळे हे धोरण मला लागू नाही, हे मान्य. पण कॉलेजात प्रवेश घेताना पाठीचा कणा काही बदलून मिळत नाही.

आता मिररलेस कॅमेरे आले, ओझे निम्मे होईल, असे सांगतात. सोनीची ए-सेव्हन थ्री 650 ग्रॅमची आहे खरी. पण तिला लागणारी 24-70 ची जी-मास्टर लेन्स 886 ग्रॅम, म्हणजे कॅननच्या वर सांगितलेल्या लेन्सपेक्षा जडच. काच ती काच.

नऊ किलोचे काय एवढे कौतुक, असे कोणी म्हणेल. दळणाचा डबा याहून जड असतो. पण दळणाचा डबा गिरणीपर्यंत न्यायचा असतो. ही पिशवी सकाळच्या हळदीपासून पाठवणीपर्यंत दहा-बारा तास अंगावर असते. पट्टा एका खांद्यावर. तो घसरू नये म्हणून तो खांदा नकळत वर उचललेला राहतो आणि कणा दुसऱ्या बाजूला कलतो. माझ्या बाबतीत ओढणीवरून पट्टा आणखी घसरतो, म्हणून खांदा आणखी वर. सप्तपदी टिपायला वाकावे तर गळ्यातला कॅमेरा पुढे झोके घेतो आणि मानेला हिसका बसतो. मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता चुकवत खुर्चीवर चढावे लागते ते वेगळेच. घरी आल्यावर मान एका बाजूला वळत नाही.

माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. परंतु ओझ्याच्या विषयात पदवीधर तेच. पिशवी हातात घेऊन, उलटीसुलटी करून त्यांनी पाहिली आणि विचारले, “ह्याला दुसरा खांदा न्हाई व्हय?” हमाल पोते पाठीवर घेतो तेव्हा ते शरीराच्या मध्यावर बसते आणि भार कमरेवरून पायांत उतरतो. डोईवर हंडा घेणारी बाई आधी चुंबळ ठेवते आणि मान ताठ धरते. कावडीची दोन्ही टोके सारखी भरतात. 1986 साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात केनियातील बायकांविषयी एक संशोधन प्रसिद्ध झाले. त्यांच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढे ओझे त्या डोक्यावरून नेतात, तेव्हा रिकाम्या चालण्याहून अधिक शक्ती त्यांना खर्चावी लागत नाही, असे त्यात आढळले होते. हा लहानपणापासूनच्या सवयीचा भाग असणार. मी उद्या डोक्यावर ट्रायपॉड घेऊन चालू लागले तर तसे होणार नाही. पण ओझे मध्यावर आणि हाडांवर बसावे, एका बाजूच्या स्नायूंना लटकू नये, एवढे त्यातून घेता येते.

बाजारात त्यासाठी साधने आहेतच. दोन्ही खांद्यांवरून जाणारा पट्टा मिळतो, त्याला दोन कॅमेरे दोन बाजूंना लटकतात, ही कावडच. कमरेच्या हाडांवर बसणारा रुंद पट्टा मिळतो, त्यात लेन्स राहतात. असा पट्टा मी एका मैत्रिणीच्या भावाकडून मागून आणला, तर स्टुडिओत ऐकायला मिळाले, “लग्नात असं पट्टे बांधून फिरणं बरं दिसत नाही.” नवऱ्या मुलाने कमरेला तलवार लावलेली बरी दिसते, मग माझ्या कमरेला लेन्स का खुपावी? भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी 1940 नंतरच्या काळात दिल्लीत साडी नेसून, सायकलवरून जडच्या जड कॅमेरे नेले. त्यांना 2011 साली पद्मविभूषण मिळाले. लोकांना त्यांची छायाचित्रे आठवतात. पट्टा कुठे बांधला होता हे कोण विचारतो?

तरीही पट्ट्याने प्रश्न सुटतो असे मला वाटत नाही. पट्टा चांगला म्हणून नऊ किलो दिवसभर वाहा, हा न्याय कुठला? हमालांनी चांगल्या चुंबळी मागितल्या नाहीत. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने आणि ठिकठिकाणच्या माथाडी कामगारांनी ओझ्याभोवतीचे नियम मागितले. 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. शंभर किलोचे पोते पन्नास किलोवर यावे म्हणून हमाल भांडले. आमची पिशवी आणि त्यांचे पोते यांची मी बरोबरी करीत नाही. तसे केले तर वडील हसतील. पण किती वाहायचे आणि किती वेळ वाहायचे, हे आधी विचारायचे असते, एवढे मी घरातच शिकले.

दक्षिणेत, तमिळ मुलखात, जुन्या रस्त्यांच्या कडेला दोन उभे दगड आणि त्यांवर एक आडवा अशी रचना आढळते. तिला ‘सुमैतांगी’ म्हणतात. उंची अशी, की डोक्यावरचे ओझे दुसऱ्याची मदत न घेता त्यावर सरकवता यावे आणि विसावा घेऊन पुन्हा उचलता यावे. वाटसरूला ओझे उतरवायलाही जागा लागते, हे त्या गावांना कळत होते. आमच्या लाखो रुपये भाड्याच्या कार्यालयांना कळत नाही. 29 सप्टेंबर 2024 पासून भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत आली. तिच्या दारात तपासणीच्या यंत्रावर पिशवी ठेवावी लागते. कामाच्या दिवशी माझ्या खांद्यावरून ती हक्काने उतरते ती तेवढीच.

‘सामानच कमी न्या की,’ असा सल्ला मिळतो. सल्ला देणाऱ्याच्या मुलीच्या लग्नात फ्लॅश बंद पडला तर तोच आधी ओरडेल. सामान कमी करता येत नाही. अंगावरचे कमी करता येते. हळदीला 70-200 ची लेन्स लागत नाही, पंगतीत दुसरी बॉडी लागत नाही. एका वेळी एक बॉडी, एक लेन्स, एक फ्लॅश घेतला तर सेलांसह सव्वादोन किलोंच्या आतबाहेर होतात. बाकीचे सात किलो केवळ ठेवायला जागा नाही म्हणून मी मांडवभर फिरवते.

कार्यालयाच्या एका व्यवस्थापकांना मी हे बोलून दाखवले. ते म्हणाले, “चोरी झाली तर जबाबदारी कोणाची?” शंका रास्त आहे. पण कपाट कार्यालयाचे आणि कुलूप आमचे असले की जबाबदारीही आमचीच. आज सामान खुर्चीखाली ठेवून एखादी वस्तू गेली, तर हेल्परच्या रोजातून ती कापून घेण्याची भाषा होते. त्यापेक्षा हे कोणालाही परवडेल. यजमानांनीही कार्यालय ठरवताना एक वाक्य विचारावे. गाद्या किती, गॅस कोणाचा, वीज गेली तर जनरेटर आहे का, हे सगळे ते विचारतातच आणि कार्यालयाच्या छापील कागदावर त्यांचे दरही असतात. त्याच कागदावर, जनरेटरच्या खाली, आणखी एक ओळ बसेल: फोटोवाल्यासाठी कडी असलेले लोखंडी कपाट, एक नग.